दहाव्या बाटलीतलं दूध

सयाजी चौगल्याला एक खोड होती. हातात घेतलेलं काम आपल्याइतकं झकास दुसऱ्या कुणाला जमायचंच नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. आणि लोकांची पंचाईत अशी, की पुष्कळदा ते खरंही निघायचं. गाव त्याला गुरुजी म्हणायचं. आपण मात्र सयाजीच म्हणू, कारण त्या वर्षी त्यानं जे केलं ते गुरुजी म्हणवून घेण्याजोगं नव्हतं.

कळंब्याच्या पुढं दोन-अडीच मैलांवर त्याचं गाव, आणि गावातच सातवीपर्यंतच्या शाळेत त्याची नोकरी. दोन हजार दोन सालच्या जूनमध्ये वरून पत्र आलं. प्रत्येक केंद्रातल्या एका शाळेनं तिसरी ते सातवीसाठी नवा अभ्यासक्रम बांधायचा. एकच सूत्र धरायचं, आणि सहा आठवडे गणित, भाषा, भूगोल, विज्ञान, सगळं त्या एका सूत्राभोवती शिकवायचं. चांगला जमला तर त्याची पुस्तिका छापून तालुक्यातल्या सगळ्या शाळांना वाटणार. वर गुरुजींचं नाव.

नाव म्हटल्यावर सयाजीचे कान टवकारले की!

केंद्रप्रमुख आकाराम साहेबांनी बैठकीत एकेकाला उठवून विचारलं. कुणी म्हणालं पाणी, कुणी म्हणालं झाड, एकानं तर 'आपले सण' सांगून तिथंच जांभई दिली. सयाजी उठला आणि म्हणाला, "दूध."

"दूध? दुधात काय शिकवणार, गुरुजी?"

"काय शिकवणार न्हाय ते इचारा, साहेब."

आणि खरंच, दीड महिना शाळा सुटल्यावर बसून त्यानं असा काही आराखडा बांधला, की बघणाऱ्यानं बघत राहावं. तिसरीच्या पोरांनी आपल्या म्हशीचं वर्णन करायचं, शिंगांपासून शेपटीपर्यंत. चौथीनं लिटर आणि मिलिलिटर मापट्यानं मोजून शिकायचं. पाचवीनं नकाशा काढायचा : चारा कुठून येतो, गगनबावड्याकडं एवढा पाऊस पडूनही तिथं दूध कमी का. सहावीला विरजण आणि सरासरी. सातवीला दूध संस्थेची निवडणूक, तेच नागरिकशास्त्र. मराठीच्या तासाला आजीची मुलाखत, धार कधी काढायला लागलीस, पहिल्या म्हशीचं नाव काय. शाळेतल्या दोन्ही बाईंनी कौतुक केलं. सयाजी वरून 'काय तरीच' म्हणाला आणि आतून फुगला.

ह्या सगळ्याचा कळस होता 'डिग्री दिवस'. गावातल्या दूध संस्थेच्या सेक्रेटरीकडून त्यानं दुधाची डिग्री, म्हणजे चोखपणा, बघायचं यंत्र मागून आणलं. यंत्र कसलं, काचेची एक नळी. दुधात सोडली की उभी तरंगते. दूध चोख असलं तर तीसच्या आसपास थांबते आणि पाणी घातलेलं असलं की खाली बुडते. प्रत्येक पोरानं घरून पावशेर दूध बाटलीतून आणायचं, सगळ्यांसमोर मोजायचं, तक्त्यात लिहायचं. तक्ता सयाजीनं स्वतः आखला होता, लाल आणि निळ्या शाईनं. अनुक्रमांक, नाव, म्हैस की गाय, डिग्री.

बघा, इथंच माणूस चुकला. चार रकाने आखले आणि पाचवा राहून गेला. ज्याच्या घरी म्हैसही नाही आणि गायही नाही, त्यानं काय लिहायचं? दीड महिना डोकं घालून बसलेल्या ह्या शहाण्याला हा प्रश्न एकदाही पडला नाही. त्याच्या आळीत दावणीला जनावर नाही असं घरच नव्हतं. मग त्याला वाटलं, गावातच नसेल.

डिग्री दिवशी चौथी ते सातवीतली सात पोरं बाटली न घेताच आली. "इसरलो, गुरुजी." सातही जणांचं एकच उत्तर. सयाजीनं त्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि कामाला लागला.

सहावीच्या दहा बाटल्या होत्या. उंच काचेच्या भांड्यात दूध ओतायचं, नळी सोडायची, पोरानं वाकून आकडा वाचायचा. तीस. एकतीस. एकोणतीस. चेअरमनच्या पोराच्या दुधाची बत्तीस आली तेव्हा टाळ्या पडल्या. नऊ बाटल्या झाल्या आणि दहावी घेऊन संघप्रिया पुढं आली.

संघप्रिया बौद्धवाड्यातली. बाप प्रसेनजीत शिरोलीला फौंड्रीत कामाला, आई क्रांती घरी शिवणकाम करायची. पोरगी अबोल, पण गणितात अशी पक्की की सयाजी कधी कधी आपलं उत्तर तिच्या वहीवरून ताडून बघायचा. तिनं दूध ओतलं, नळी सोडली. नळी खाली गेली, आणखी खाली गेली आणि मग थांबली.

"वीस," संघप्रिया म्हणाली.

कुणीतरी फिसकन हसलं. आता मास्तराचं काम काय होतं? त्या हसणाऱ्याला गप्प करायचं. पण समोर पन्नास पोरं, तोऱ्यात आलेला मास्तर, आणि जिभेवर आलेला विनोद. सयाजी म्हणाला, "काय गं, बाटली भरली का हंड्यात बुडवून आणलीस?"

वर्ग नुसता लोळला. बाकं बडवून पोरं हसली. पोरगी मान खाली घालून उभी.

"गुरुजी, इकतचं हाय."

"इकतचं असू दे न्हायतर घरचं. पाणी ते पाणी!" आणि मग पोरांकडं वळून, आवाज चढवून, "बघा. यंत्र कुणाचं तोंड बघून आकडा सांगत न्हाय. ज्यानं हे दूध घातलंय त्याला धरून इचारायला पायजे, लाज वाटत न्हाय का म्हणून. कुणाकडनं घेता गं?"

संघप्रियानं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. चांगलं टक लावून बघितलं. आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसली. सयाजीनं तिच्या नावापुढं लाल शाईनं वीस लिहिलं आणि खाली रेघ मारली, ठळक.

सांजेला घरी आल्यावर हात-पाय धुऊन तो सोप्यात बसला आणि आईला सगळी गंमत सांगायला लागला. त्याची आई धोंडुबाई, साठीच्या पुढची बाई. सयाजी पाच वर्षांचा असताना तिचा नवरा गेला, तेव्हापासून दोन म्हशींच्या जिवावर तिनं घर ओढलं आणि पोराला मास्तर केलं. तिच्यासमोर सयाजी अजून लहान पोरासारखा बढाया मारायचा.

"...आणि एकीची डिग्री आली वीस! नळी अशी बुडाली म्हणतीस! समदी पोरं हसून हसून..."

"कुणाची पोरगी?" धोंडुबाईनं विचारलं.

"त्या प्रसेनजीतची. संघप्रिया."

धोंडुबाई भाजी निवडत होती ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तुला काय नसत्या उठाठेवी. शाळंत पाढं शिकवायचं सोडून दूध मोजत बसलाईस." आणि परात उचलून आत गेली.

सयाजी तसाच बसून राहिला. आईचा आवाज त्याला ओळखीचा होता. लहानपणी खोटं बोलताना पकडलं की तो स्वतः असाच उलटून बोलायचा.

दुसऱ्या दिवशी पहाटे धार झाल्यावर तो गोठ्यात गेला. रोज बघितलेली गोष्ट त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. दुधाची भांडी दोन. पितळी चरवी डेअरीला आणि आळीतल्या रतिबाला. दुसरी ॲल्युमिनियमची किटली, चेपलेल्या झाकणाची, ती बौद्धवाड्यातल्या रतिबाची. तिथली पोरं, बायका भांडी घेऊन यायच्या, ती पायरीच्या खाली ठेवून बाजूला सरायच्या आणि धोंडुबाई वरच्या पायरीवरून, हात उंच धरून ओतायची. अडतीस वर्षांत सयाजीला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. भांडं खाली, किटली वर, असंच असतं, एवढंच त्याला ठाऊक.

नळी त्याच्या शाळेच्या पिशवीत होती. त्यानं चरवीत सोडली : तीस. किटलीत सोडली.

वीस. तंतोतंत वीस.

"आई, हे काय?"

धोंडुबाई शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली. भ्याली नाही की लाजली नाही. "काय म्हंजे? पाणी हाय."

"पण ह्याच किटलीत का?"

"मग काय चरवीत घालू? डेअरी डिग्री बघती, दूध माघारी धाडती. आळीतल्या बायका तोंडावर बोलत्यात. ती काय बोलणार हायत?" आणि मग तिनं जे म्हटलं ते आयुष्यभर सयाजीच्या कानात राहिलं. "लई मोठा झालाईस न्हवं? तुझं डी.एड. ह्याच किटलीवर झालंया, लेका. तवा नळी कुठं हुती तुझी?"

सयाजीला तोंडात मारल्यासारखं झालं. तो तिथंच वैरणीच्या भाऱ्यावर बसला. 'लाज वाटत न्हाय का' हे वाक्य त्यानं काल पन्नास पोरांसमोर म्हटलं होतं. कुणाला म्हटलं होतं, ते पन्नासांतल्या एकीला तेव्हाच कळलं होतं. आणि भिंतीकडं तोंड करून उभी केलेली ती सात पोरं! त्यानं बोटांवर एकेकाचं नाव घेतलं. सातही बौद्धवाड्यातली. कुठली विसरत्यात पोरं! त्यांनी काय आणायचं होतं? त्याच्याच घरचं दूध त्यालाच दाखवायचं होतं?

आता एखाद्या बऱ्या माणसानं काय केलं असतं, ते तुम्हा-आम्हाला कळतं. सयाजीलाही कळत होतं. पोरीचं नाव वर्गात साफ करायचं तर आईचं नाव घ्यायला लागणार. "माझं नाव गावात घेतलंस तर ह्या घरात माझ्या हातचं पाणी मिळणार न्हाय," असं तिनं तेवढ्यातच सांगून ठेवलं होतं. मग त्यानं मधली वाट काढली. मधली वाट म्हणजे भित्र्या माणसाची वाट. आईला हाता-पाया पडून उद्यापासून पाणी बंद करायला लावलं. आणि शाळेत पोरं यायच्या आधी जाऊन तक्त्यातला वीस पांढऱ्या रंगानं पुसला, वर निळ्या शाईनं एकोणतीस लिहिलं आणि खालची सरासरीही नव्यानं मांडली. झालं! पोरीची बेअब्रू पुसली गेली, आईची अब्रू राहिली, तक्ताही कसा देखणा झाला.

पण पोरांच्या तोंडाला पांढरा रंग कसा लावणार? मधल्या सुट्टीत नळाला संघप्रिया गेली की पोरं ओरडायची, "पाणीवाली आली, बाजूला व्हा!" सयाजी ऑफिसच्या खिडकीतून ऐकायचा आणि वहीत मान घालायचा.

शुक्रवारी आकाराम साहेब बघायला आले. पोरांनी म्हशींची वर्णनं वाचली, एका आजीबाईंची मुलाखत वाचताना तर साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हिंडत हिंडत ते सहावीच्या तक्त्यापाशी आले.

"सरासरी एकोणतीस पूर्णांक नऊ दशांश. वा! कुणी काढली? कोण सांगंल कशी काढली?"

साहेबांचं बोट पुढच्या बाकावर गेलं. तिथं बसली होती संघप्रिया. ती वही घेऊन उठली. "दहा बाटल्यांची बेरीज करायची, दहानं भागायचं. पण साहेब, माझी सरासरी एकोणतीसच येती."

"एकोणतीस? मग तक्त्यात एकोणतीस पूर्णांक नऊ कसं?"

"माझी बेरीज दोनशे नव्वद हाय. माझ्या बाटलीची डिग्री वीस आलती. तक्त्यात एकोणतीस केलंया."

साहेबांनी सयाजीकडं बघितलं. अजून वेळ होता. एक वाक्य बोलायचं होतं, एकच. सयाजीची जीभ टाळूला चिकटली आणि सुटली तेव्हा म्हणाली, "तिचं उतरून घेताना चुकलं असंल, साहेब. पोरंच ती."

"हां, हां. व्हतंय असं," साहेब म्हणाले. "बाळ, वही नीट लिहीत जा." आणि पुढच्या तक्त्याकडं वळले. संघप्रियानं वही मिटली आणि ती खाली बसली. तिच्या मागच्या बाकावरचं कुणीतरी हळूच म्हणालं, "पाणीवाली."

साहेब आराखडा घेऊन गेले. पुस्तिका निघणार, पहिलं नाव सयाजी चौगले. दोन्ही बाईंनी पेढे मागितले. सयाजीनं ते आणलेही, आणि तोंडात घातलेला पेढा त्याला गिळता येईना.

पुढच्या सोमवारी संघप्रिया शाळेत आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. त्या वाड्यातल्या एका पोरानं सांगितलं, "ती न्हाय येणार, गुरुजी. तिला शाळा नको झालीया."

रविवारी सयाजी उठला, चरवीतलं एक लिटर चोख दूध एका डब्यात भरलं आणि बौद्धवाड्यात गेला. जन्म ह्या गावात गेला होता, मतदार यादीसाठी आणि पटनोंदणीसाठी ह्या दारापर्यंत तो आलाही होता, पण दाराच्या आत पहिल्यांदाच. क्रांती मशीनवर बसली होती. मांडीवर दहा महिन्यांचा पोरगा, संघर्ष. बारीक, डोळे मोठे. संघप्रिया आतल्या खोलीत होती, ती बाहेर आली नाही.

"या, गुरुजी. बसा." क्रांतीनं कापडं बाजूला सारून खुर्ची मोकळी केली. मग चूल पेटवून चहा आणून दिला. कोरा.

"दूध..." सयाजी डबा पुढं करत म्हणाला.

"आमी रतीब बंद केलाया. ह्यांनी कळंब्यास्नं पिशवी आणायला सुरू केलीया. दुपारपतोर नासती, पण असू दे." डब्याला तिनं हात लावला नाही.

सयाजीनं मग सगळं सांगून टाकलं. किटली, नळी, पांढरा रंग, साहेबांना सांगितलेलं खोटं. मान वर न करता बोलला. त्याला वाटलं, ही आता घर डोक्यावर घेईल, चार लोक गोळा होतील. निदान शिव्या तरी देईल. तसं झालं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं.

क्रांती म्हणाली, "थोडंफार पाणी असतंय हे आम्हाला ठावं हुतं. चहाच्या रंगावरनं कळतंय की. सगळीच घालत्यात, म्हटलं हेबी घालत असतील." तिनं बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "पण तुमी शिकवल्यावर पोरीनं वहीत गणित मांडून दावलं. तीन पेल्यांत एक पेला पाणी. ते बघितलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली, गुरुजी. ह्याला अंगावरचं पुरंना, तवा नर्सबाईनं सांगितलंतं, म्हशीचं दूध जड असतंय, निम्मं पाणी घालून द्या. सात महिने झालं, तुमच्या घरच्या त्या दुधात मी आणखी निम्मं पाणी घालून ह्याला पाजत आले. दर महिन्याला वजन करून नर्सबाई मलाच बोलायची, पोराला खायला घालत न्हाय म्हणून."

सयाजीनं हातातली कपबशी खाली ठेवली.

"त्यातलंच पावशेर त्या दिवशी पोरीनं शाळंत आणलं," क्रांती म्हणाली. "गुरुजींनी सांगितलंया, आणायलाच पायजे म्हणाली."

"ताई, मी... तिनं त्या दिवशी नाव का न्हाय घेतलं माझं? मीच इचारलं हुतं की, कुणाकडनं घेता म्हणून."

"ते तिलाच इचारा. मला तुमच्याकडनं काय नको, माफी नको का दूध नको. माझ्या पोरीला पोरं पाणीवाली म्हणत्यात, ते तुमी लावलंया, तुमीच काढा. जिथं लावलं तिथंच. बास."

"उद्या परिपाठाला पोरीला घेऊन या," एवढं म्हणून सयाजी डबा घेऊन परत निघाला. एक लिटर दूध त्याच्या हाताला मणाचं झालं होतं. वाटेत चार माणसांनी 'काय गुरुजी, इकडं कुठं?' विचारलं. घरी आईनं विचारलं, "दूध कुठं नेलतंस?" त्यानं सांगितलं, आणि उद्या शाळेत काय करणार तेही सांगितलं. धोंडुबाई जेवली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. एवढंच म्हणाली, "माझ्या जल्माची माती करतूस." आई चुकली होती आणि आईनंच त्याला वाढवलं होतं; दोन्ही एकाच वेळी खरं होतं, आणि ह्याचं काय करायचं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

सोमवारी परिपाठाला सगळी शाळा मैदानावर बसली. क्रांती पोरीला हाताला धरून घेऊन आली आणि फाटकाशी थांबली; पोरगी सहावीच्या रांगेत जाऊन बसली. प्रार्थना झाली. सयाजीनं सहावीचा तक्ता बाहेर आणवून फळ्यावर टांगला. चौदा वर्षांच्या नोकरीत पोरांसमोर उभं राहायची त्याला पहिल्यांदाच भीती वाटली.

"ह्या तक्त्यात दहाव्या नंबरला वीस हुतं. ते मी खोडलं," तो म्हणाला. "साहेबांच्या म्होरं संघप्रिया खरं बोलली आणि मी खोटं बोललो. आणि ते दूध..." त्यानं एकदा तक्त्याकडं बघितलं. "ते दूध माझ्या घरचं हुतं. पाणी माझ्या घरात घातलेलं हुतं. बौद्धवाड्यातल्या रतिबाला आमच्या घरनं गेली कितीतरी वर्षं पाणी घातलेलं दूध जातंय. मी तिला हसलो, तुमी माझ्यामुळं हसला. लाज मला वाटायला पायजे हुती, ती तिला वाटली. आणि ज्या सात जणांना मी भिंतीकडं उभं केलं, त्यांचीबी काय चूक न्हवती."

दोन्ही बाई खाली बघत होत्या. चेअरमनचा पोरगा तोंड उघडं टाकून बघत होता. सयाजीनं खडू घेतला, फळ्यावर दहावा नंबर, वीस डिग्री आणि पुढं 'चौगले यांच्या घरचे दूध' असं लिहिलं. आता कुठंतरी जरा हलकं वाटायला लागलं होतं. आणि माणूस बघा कसा असतो! हलकं वाटायला लागल्याबरोबर त्यानं घरून मनात जुळवून आणलेलं एक चांगलं वाक्य काढलं.

"आणि पोरांनो, त्या दिवशी संघप्रियाला समदं ठावं हुतं. मी तिला इचारलं, कुणाकडनं दूध घेता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ती गप बसली. कशासाठी? आपल्या गुरुजींची अब्रू जाऊ ने म्हणून. एवढीशी पोरगी, पण माझ्यापेक्षा मोठी निघाली. व्हय की न्हाय, संघप्रिया?"

संघप्रिया उठून उभी राहिली. फाटकाकडं, आईकडं एकदा बघितलं. मग सयाजीकडं बघून, रोज गणिताचं उत्तर सांगायची तशा साध्या आवाजात म्हणाली,

"न्हाय, गुरुजी. तुमच्या अब्रूचं माझ्या ध्यानातबी आलं न्हाय. तुमच्या घरनं दूध बंद केलं असतं तर गावात आम्हाला दुसरं कोण दूध घालत न्हाय. बाळ उपाशी राहिलं असतं, म्हणून गप बसले."

सयाजी हातात खडू धरून उभा राहिला. बस म्हणायचंही त्याला सुचलं नाही. ती आपली आपणच खाली बसली.